सब्लिमेशनची इंक स्वतः बनवायची असेल तर: नागपूरच्या मे महिन्यातही टिकेल अशी

फेब्रुवारीत बनवलेली काळी सब्लिमेशन इंक (आधी कागदावर छापून मग गरम प्रेसने कापडावर उतरवतात ती) मे महिन्यात माझ्या प्रिंटरचं हेड, म्हणजे इंकेचे थेंब सोडणारा भाग, घेऊन गेली, आणि तिथून मला हा विषय मुळापासून शिकावा लागला. फेब्रुवारीत तीच इंक मस्त चालली होती, नोझल चेक (हेडची सगळी बारीक भोकं चालतात का ते पाहायची छाप) पूर्ण, जर्सीवर काळा कोळशासारखा, दुकानात येणारा जाणारा विचारायचा कुठली इंक आहे भाऊ. मग उन्हाळा लागला, वर पत्रा, बाहेर ४५, आत ज्या रॅकवर बाटल्या ठेवल्या होत्या तिथे दुपारी ४२-४३, आणि एका टुर्नामेंटच्या ऑर्डरच्या मधातच काळ्याच्या रेघा तुटायला लागल्या. बाटली उलटी करून पाहिली तं तळाशी काजळासारखा थर, चिमटीत चोळला की रवाळ लागायचा. रंग तोच, रेसिपी तीच, फक्त आतले कण मोठे झाले होते.

म्हणून आधीच सांगतो, कापडावर रंग चांगला उतरला म्हणजे इंक जमली असं नाही. सब्लिमेशनच्या इंकेत रंग विरघळलेला नसतोच. डिस्पर्स डाय पाण्यात विरघळत नाही, त्याचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात, प्रेसमध्ये २०० डिग्रीजवळ त्याची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरमध्ये शिरते. रंग येणं हे डायचं काम आहे, ते तो करतोच. आपलं काम म्हणजे हे कण वर्षभर एकमेकांना चिकटू द्यायचे नाही, वाढू द्यायचे नाही आणि खाली बसू द्यायचे नाही. खालची प्रत्येक पायरी त्याच्यासाठीच आहे.

आणखी एक, हे सगळं पिझो हेडसाठी आहे, म्हणजे एप्सनसारख्या प्रिंटरसाठी. ज्या प्रिंटरमध्ये नोझलजवळ हीटर असतो, म्हणजे थर्मल हेडवाले, त्यात ही इंक टाकू नका, हीटरवर डायचा थर बसतो आणि हेड जातं.

दळायचं की दळलेलं आणायचं

एप्सन हेडचं नोझल साधारण २० मायक्रॉनचं असतं. त्यातून विनाअडथळा जायला कण सरासरी १०० ते २०० नॅनोमीटर हवेत आणि १ मायक्रॉनच्या वर एकही नको. घरच्या मिक्सरने, खलबत्त्याने, साध्या स्टररने हे होत नाही, कितीही तास फिरवा. त्यासाठी बीड मिलच, म्हणजे बारीक मण्यांनी दळणारी गिरणीच लागते. पावडर आणून मिक्सरमध्ये फिरवून, कपड्याने गाळून इंक बनवली असं कोणी सांगत असेल तर त्याचं हेड किती दिवस चाललं ते आधी विचारा.

माझं मत असं की महिन्याला पाच-दहा लिटर लागत असेल तर दळण्याच्या भानगडीत पडू नका, तयार डिस्पर्शन (पाण्यात आधीच बारीक दळलेला डाय) आणा आणि त्यापासून इंक बांधा. डिस्पर्स डायचा धंदा मुख्यतः गुजरातेत आहे, सुरत, अंकलेश्वर, वापी, तिकडून इंकजेट ग्रेडचं डिस्पर्शन मागवता येतं. मागवताना लेबलवर विसंबू नका, शुद्ध डाय किती टक्के, कणांचा डी-५० आणि डी-९९ किती (५० आणि ९९ टक्के कण ज्या आकाराच्या आत बसतात तो आकडा), कंडक्टिव्हिटी किती (वीज किती वाहते, त्यावरून क्षार कळतात), क्लोराइड किती, पीएच किती, डिस्पर्संट (कणांना वेगळं ठेवणारं रसायन) कुठल्या जातीचा, एवढं लेखी मागा. देत नसेल तर दुसरा पहा. दळण्याचा भाग तरीही वाचा, कारण विकत घेतलेल्या मालात काय बिघडलंय हे त्याशिवाय कळत नाही.

रंग कोणते

ट्रान्सफरसाठी पिवळ्याला डिस्पर्स यलो ५४, मजेंटाला डिस्पर्स रेड ६०, सायनला डिस्पर्स ब्लू ३५९ किंवा ३६०, हे सर्रास वापरले जातात. काळा मात्र एका डायचा नसतो, निळा अधिक ऑरेंज २५ किंवा ब्राऊन २७ असं मिश्रण करून तो बनतो, आणि तिथेच गंमत आहे. मिश्रणातला एक डाय लवकर उडत असेल आणि दुसरा उशिरा, तर १९० डिग्रीला काळा हिरवट दिसतो आणि २०५ ला तपकिरी, म्हणजे तुमच्या प्रेसची प्लेट एका कोपऱ्यात १० डिग्री थंड असली तरी जर्सीच्या खांद्यावर वेगळा काळा आणि पोटावर वेगळा. त्यामुळे काळ्यातले डाय एकाच तापमानाच्या आसपास उडणारे निवडा, शेड मागाहून जुळवता येते.

कापड रंगवण्याची जी साधी पावडर मिळते ती घेऊ नका. त्यात बरेचदा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग डिस्पर्सिंग एजंट आणि मिठाचा असतो, डाईंगच्या टाकीत ते चालतं, हेडमध्ये नाही. मीठ जास्त म्हणजे कणांभोवतीचं संरक्षण ढिलं पडतं आणि हेडचा धातूही खाल्ला जातो. क्रूड प्रेसकेक (काही न मिसळलेला, गाळून दाबलेला डाय) मागा, धुतलेला, कमी मिठाचा. आणि डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ स्वस्तात मिळाले तरी हात लावू नका, त्वचेची ॲलर्जी करणारे म्हणून ते ओळखले जातात, आणि आपण अंगात घालायचे कपडे छापतो.

कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क, ग्लोव्हज, आणि कूलर-पंखा बंद. नाहीतर चार दिवस भिंती गुलाबी राहतात आणि छातीत काय जातं ते वेगळंच.

पाणी

इथे आपल्याकडची बहुतेक माणसं घसरतात. बोअरचं पाणी तर नाहीच, घरच्या आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात टीडीएस ३०-५० असला तरी त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम राहतंच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती गोळा होऊन खाली बसते ना, का बसते, कारण मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम तो मारून टाकतं. आपल्या डायच्या कणांवर पण डिस्पर्संटने ऋण भारच चढवलेला असतो, आणि जे तुरटी मातीचं करते तेच बोअरचं पाणी इंकेचं करतं, फक्त हळूहळू.

तेव्हा डीआयोनाइज्ड (डीआय, म्हणजे क्षार काढलेलं) पाणी घ्या, कंडक्टिव्हिटी ५ मायक्रोसीमेन्सच्या आत. बॅटरीचं पाणी विकणाऱ्यांकडे कधी चांगलं मिळतं कधी नाही, मीटर लावून घ्या, स्वस्तातला टीडीएस मीटर शून्य दाखवतो म्हणून खूश होऊ नका, कंडक्टिव्हिटी मीटरच हवा. वरून थोडं डायसोडियम ईडीटीए टाकायचं, उरलंसुरलं कॅल्शियम ते धरून ठेवतं.

डिस्पर्संट आणि शिडीची टेस्ट

डिस्पर्संट म्हणजे कणांच्या अंगावरचा कोट. लिग्नोसल्फोनेट स्वस्त आणि दणकट, पण स्वतः तपकिरी असतो, पिवळ्या-मजेंटात त्याची झाक येऊ शकते आणि पावसाळ्यात बुरशीला खाऊ मिळतो. नॅप्थलीन सल्फोनेटचा कंडेन्सेट त्याहून स्वच्छ. स्टायरीन ॲक्रिलिकवाले पॉलिमर महाग पण इंकजेटसाठी मला तेच पटलेत, ते कणाला जास्त घट्ट धरतात. कुठलाही घ्या, एकच घ्या, आणि चारही रंगांना शक्यतो एकाच जातीचा ठेवा, कारण कॅपिंगमध्ये (हेड थांबल्यावर झाकणारी टोपी) आणि वेस्ट पॅडवर (वाया गेलेली इंक शोषणारा) चारही रंग एकमेकांना भेटतातच.

किती टाकायचा हे पुस्तकातून उचलू नका, शिडी लावून पहा. सहा छोट्या बाटल्या घ्या, प्रत्येकात डाय आणि पाणी सारखंच, डिस्पर्संट डायच्या वजनाच्या २०, ३०, ४०, ५०, ६०, ८० टक्के. सगळ्यात थोडे झिरकोनियाचे (कठीण सिरॅमिकचे) मणी टाकून दोन-तीन तास हलवा आणि मग कुठली सगळ्यात पातळ आहे ते बघा. कमी डिस्पर्संटवाली घट्ट असते कारण कण एकमेकांना धरतात, मग एका जागी सगळ्यात पातळ होते, आणि त्यापुढे पुन्हा हळूहळू घट्ट व्हायला लागते कारण आता मोकळा डिस्पर्संटच पाण्यात फिरतोय. जिथे सगळ्यात पातळ तिथून किंचित वर थांबायचं. माझ्या रेड ६० ला ५० टक्क्यांवर जमलं, निळ्याला थोडं जास्त लागलं, तुमचं वेगळं येईल.

दळण

मिलबेस, म्हणजे मिलमध्ये दळायचं दाट मिश्रण, असा धरा: डाय १५ टक्के, डिस्पर्संट साडेसात टक्के, बाकी डीआय पाणी, सोबत सिलिकॉन नसलेला डीफोमर (फेस मारणारा) अगदी थोडा, आणि ट्रायइथेनॉलअमाइनने पीएच ८ ते ८.५. आधी पाण्यात डिस्पर्संट पूर्ण विरघळवा, मग प्रेसकेक थोडा थोडा टाकत हाय स्पीड स्टररवर अर्धा-पाऊण तास. कुठेही कोरडी गुठळी राहायला नको, मिलमध्ये गेलेली गुठळी कोट न चढता तशीच दळली जाते.

मिलमध्ये इट्रियावाल्या झिरकोनियाचे मणी, ०.३ ते ०.५ मिलिमीटरचे, चेंबर ७५-८० टक्के भरलेलं. काचेचे मणी नको, ते स्वतः झिजतात आणि ती काचेची पूड इंकेत जाते. मिलच्या फिरत्या भागाच्या टोकाचा वेग सेकंदाला ८ ते १२ मीटर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तापमान ४० च्या आत.

हे तापमानाचं मी भोगलंय. पहिल्यांदा आम्ही जॉबवर्कवर एमआयडीसीतल्या एका पेंट युनिटमध्ये दळून घेतलं होतं, एप्रिलचा शेवट, त्यांचं थंड करायचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं आणि ती टाकी दिवसभर उन्हात. जॅकेटमध्ये जाणारं पाणीच गरम, चेंबर ५५ ला पोचलं, पहिले दोन तास बेस पातळ होत गेला आणि तिसऱ्या तासाला पाहतो तं चमच्यावरून पडेना, श्रीखंडासारखा. सगळा फेकला. चूक माझी पण होती, मी थर्मामीटर घेऊन उभा राहायला पाहिजे होतं. आता उन्हाळ्यात दळायचंच असेल तर पहाटे, चिलर लावून, नाहीतर लाइनच्या पाण्यात बर्फ.

दर तासाला नमुना काढा. कणमापक मशीन आपल्याकडे नसतं, तरी दोन गोष्टी जमतात. एक, ४०० पट मायक्रोस्कोप, थेंब पातळ करून कव्हर स्लिपखाली, चांगलं दळलेलं असेल तर एकसारखा रंगीत धुरकटपणा दिसतो, वेगळा ठिपका दिसला म्हणजे तो मोठा कण किंवा गुठळी. १५० नॅनोमीटरचे कण मोजता येत नाहीत यात, पण बदमाश कोण ते दिसतं. दोन, पातळ केलेलं १०० मिली ठरावीक १ मायक्रॉनच्या फिल्टरमधून किती सेकंदात जातं ते लिहून ठेवा, दर तासाला वेळ कमी होत जाते आणि एका जागी थांबते. थांबली की मिल बंद करा. अजून थोडं दळू म्हणून चालू ठेवलं तर नवीन पृष्ठभाग तयार होत राहतो, त्याला झाकायला डिस्पर्संट उरत नाही आणि कण परत एकमेकांना धरतात.

ओळखीत कोणी एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) शिकलेला असेल तर त्याला या टप्प्यावर पकडा. ती संस्था १९४२ पासून आपल्या नागपुरात आहे, तिथे सरफेस कोटिंग शिकवतात, आणि पेंटचं दळण आणि इंकेचं दळण शास्त्र एकच आहे. मला डिस्पर्संटची शिडी अशाच एका ओळखीच्या काकांनी शिकवली, चहाच्या टपरीवर, कागदाच्या कपावर आलेख काढून.

इंक बांधणं

आता १ किलो इंक, ४ टक्के डायची. १५ टक्क्यांच्या मिलबेसमधून ४ टक्के पाहिजे म्हणजे २६७ ग्रॅम मिलबेस. बाकी असं: ग्लिसरीन २०० ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल ६० ग्रॅम, ट्रायइथिलीन ग्लायकॉल मोनोब्युटिल इथर २० ग्रॅम, सर्फिनॉल ४६५ सारखा ॲसिटिलेनिक डायॉल सरफॅक्टंट ५ ग्रॅम, ट्रायइथेनॉलअमाइन २ ग्रॅम, ईडीटीए अर्धा ग्रॅम, बीआयटी जातीचं २० टक्क्यांचं बायोसाइड (बुरशी-जंतू मारणारं), म्हणजे प्रॉक्सेल जीएक्सएल सारखं, दीड ग्रॅम, आणि डीआय पाणी ४४४ ग्रॅम. सगळं वजनाने, मिलीने नाही, ग्लिसरीन मिलीने मोजलं की घोळ होतो.

प्रत्येक गोष्ट का आहे ते समजून घ्या म्हणजे बदलता येईल. ग्लिसरीन नोझलच्या तोंडाशी इंक सुकू देत नाही. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे हवेत ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो, त्यामुळे समुद्राकाठच्या गावासाठी लिहिलेल्या १० टक्के ग्लिसरीनच्या रेसिपी इथे मे महिन्यात चालत नाहीत. पण फार वाढवलं तर पेपर सुकत नाही आणि जुलैत तर अजिबातच नाही, रोल केलेल्या पेपरच्या पाठीवर छाप उमटते. मी उन्हाळ्यात २० ते २२ टक्के आणि पावसाळ्यात १५-१६ ठेवतो, ग्लिसरीन कमी झाल्याने आलेला पातळपणा थोड्या जास्त प्रोपिलीन ग्लायकॉलने भरून काढतो.

तो ब्युटिल इथर पेपरमध्ये इंक लवकर शिरायला मदत करतो आणि सरफेस टेन्शन (पृष्ठताण) खाली आणतो. याच्याच मोहात मी ती फेब्रुवारीची काळी बिघडवली होती, पेपर पटकन सुकावा म्हणून ६ टक्के टाकला होता. असा सॉल्व्हंट डायला अगदी किंचित विरघळवतो, गरमीत अजून जास्त, मग बारीक कण विरघळतात आणि रात्री थंड झालं की तोच डाय मोठ्या कणांवर जाऊन बसतो, रोज दुपारी ४३ आणि पहाटे २९, असं महिनाभर चाललं की लहान संपतात आणि मोठे रवे तयार होतात. साखरेच्या पाकात रवा धरतो तसंच. आता २ टक्क्यांच्या वर जात नाही.

मिसळायचा क्रम चुकवू नका. पाण्यात आधी ईडीटीए आणि अमाइन, मग ग्लिसरीन, ग्लायकॉल, इथर, मग सरफॅक्टंट, बायोसाइड, हे सगळं नीट एकजीव करून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग मिलबेस स्टररवर हळू फिरवत ठेवा आणि हे तयार पाणी त्यात बारीक धारेने सोडा. निखळ इथर किंवा ग्लायकॉल सरळ मिलबेसवर ओतलं की त्या जागी कणाच्या अंगावरचा डिस्पर्संट सुटतो आणि गुठळी होते, नंतर कितीही हलवलं तरी ती फुटत नाही. धार संपल्यावर तासभर हळूच फिरवा, फेस आणू नका.

मोजायचं काय आणि कशाने

पीएच ८ ते ८.५. व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) २५ डिग्रीला एप्सनसाठी ३ ते ५ सेंटीपॉइज, तुमच्या हेडच्या माहितीच्या कागदावर जो आकडा असेल तो खरा. पेंटवाल्यांचा तळाला भोक असलेला कप इथे उपयोगाचा नाही, एवढ्या पातळ द्रवात तो फरक दाखवत नाही. सायन्सचं सामान विकणाऱ्यांकडे काचेचा कॅपिलरी व्हिस्कोमीटर मिळतो, तो घ्या, पाण्याशी तुलना करून हिशोब करा, घनतेने गुणायला विसरू नका, अशा इंकेची घनता १.०६-१.०७ च्या आसपास येते. वरची रेसिपी ३ च्या जवळ बसते, कमी आली तर पाण्यातून ग्लिसरीनकडे दहा-दहा ग्रॅम सरकवा.

सरफेस टेन्शन ३० ते ३५ मिलिन्यूटन प्रति मीटर हवं. मशीन नसेल तर ड्रॉपर घ्या, सोनाराच्या काट्यावर डीआय पाण्याचे ५० थेंब हळूहळू सोडा आणि वजन करा, मग त्याच ड्रॉपरने इंकेचे ५०. समजा पाणी २.५० ग्रॅम भरलं आणि इंक १.१५, तर ७२ गुणिले १.१५ भागिले २.५० म्हणजे साधारण ३३. अगदी काटेकोर नाही हे, पण बॅचमागून बॅच तुलना करायला पुरतं.

गाळणं आणि हवा काढणं

५ मायक्रॉन, मग १, मग ०.४५. आधीचे दोन ग्लास फायबरचे खोल फिल्टर, शेवटचा पॉलिप्रोपिलीन किंवा पीईएस. दाब हलका ठेवा, जोर लावून ढकललेली इंक म्हणजे मोठे कणही सोबत ढकलले. ०.४५ लगेच चोक होत असेल तर फिल्टर बदलत बसू नका, दळणाकडे परत जा, तो फिल्टर तुम्हाला तेच सांगतोय. गाळायच्या आधीचा आणि नंतरचा एकेक पट्टा प्रेस करून बाजूबाजूला ठेवा, नंतरचा फिका वाटला तर तुमचा डाय फिल्टरवर राहिलाय.

मग व्हॅक्यूमने हवा काढा, नसेल तर झाकण सैल ठेवून दिवसभर शांत ठेवा. इंकेत विरघळलेली हवा हेडमध्ये बुडबुडा धरते आणि पिझोचा धक्का तो बुडबुडाच खाऊन टाकतो, थेंब बाहेर पडत नाही. नोझल एकदा इकडचं एकदा तिकडचं गायब होत असेल तर चोक नसून बहुधा हवाच असते.

हेडमध्ये टाकायच्या आधी भट्टी

या पायरीला कोणी वेळ देत नाही, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल. थोडा हिशोब पहा. १५० नॅनोमीटरचा कण अशा इंकेत दिवसाला साधारण एक दशांश मिलिमीटर खाली जाईल, आणि पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला पुन्हा वर ढकलत असतात, म्हणून तो तरंगतो. तोच कण १ मायक्रॉनचा झाला की दिवसाला पाच-सहा मिलिमीटर, कारण वेग आकाराच्या वर्गाने वाढतो. म्हणजे १० सेंटीमीटरच्या बाटलीत तीन आठवड्यांत सगळं तळाशी. त्यामुळे कण वाढतात की नाही हे आधीच कळायला हवं.

१०० मिलीच्या दोन बाटल्या घट्ट बंद करून एक ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ७ दिवस ठेवा, १४ ठेवता आले तर उत्तम. दुसरी रात्री फ्रिजमध्ये, दिवसा ५० डिग्रीत, असं सात वेळा, आमची काळी अशा उतारचढावातच गेली होती. नंतर व्हिस्कॉसिटी १० टक्क्यांहून जास्त बदललेली नको, पीएच अर्ध्याहून जास्त घसरलेला नको, फिल्टरमधून जायची वेळ वाढलेली नको. बाटली न हलवता तिरकी करा आणि टॉर्च मारून तळ पहा, काचेवरून इंक सरकल्यावर मागे काळपट चकती राहिली तर नापास.

एक टेस्ट मी रोज करतो, फुकटची आहे. फिल्टर पेपर, लॅबमधला गोल, त्याच्या मधोमध इंकेचा एक थेंब सोडा आणि दहा मिनिटं पहा. चांगली इंक पसरत जाते, मधून कडेपर्यंत एकसारखा रंग, कडेला थोडी गडद रेघ. बिघडलेल्या इंकेत मध्ये गडद डोळा बसतो आणि त्याच्या भोवती जवळपास बिनरंगाचं ओलं वर्तुळ, म्हणजे पाणी पुढे गेलं आणि कण एकमेकांना धरून मागेच बसले. माझ्याकडे प्रत्येक बॅचचे असे कागद तारीख घालून वहीत चिकटवलेले आहेत, ताजी इंक, सात दिवसांची, महिन्याची, शेजारी शेजारी. त्या फेब्रुवारीच्या काळीचा थेंब मी तेव्हा पाहिला असता तर डोळा दिसलाच असता.

मशीनवर

पास झाली की आधी जुन्या प्रिंटरवर, चालू कमाईच्या मशीनवर नाही. नोझल चेक, मग ए-३ ची २० पूर्ण भरलेली पानं सलग, मग परत नोझल चेक. मग थांबवून ठेवा, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, दर वेळी क्लीनिंग न करता नोझल चेक. रात्रभरात दोन-चार नोझल गेले आणि एका क्लीनिंगमध्ये आले तर ठीक, अर्धा पट्टा गेला तर ग्लिसरीन कमी पडतंय नाहीतर कॅपिंग सुकतंय. कूलरचा झोत प्रिंटरवर घेऊ नका, खोलीत ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास राहील असा कूलर लांब ठेवा.

पेपरवर रंग मेलेला दिसेल, घाबरू नका, प्रेसनंतरच तो उघडतो. पॉलिएस्टरला १९५ ते २०० डिग्री, ३५-४५ सेकंद, कॉफीच्या मगला १८०-१९० डिग्री आणि अडीच मिनिटांच्या आसपास. काळ्याचा पट्टा १८०, १९०, २००, २१० चारही तापमानांना काढून एकाच कापडावर शिवून ठेवा, काळा किती हलतो ते त्यात दिसतं. पावसाळ्यात पेपर आणि कापड दोन्ही ओलावा धरतात, कापड आधी पाच-दहा सेकंद रिकामं प्रेस करून घ्या नाहीतर वाफेने कडा पसरते आणि दोष इंकेवर जातो. प्रोफाइल (कुठल्या रंगाला कुठली इंक किती सोडायची त्याची फाइल) नवीन बनवावीच लागते, जुन्या इंकेची प्रोफाइल नव्या इंकेला लागत नाही.

ठेवणं, मिसळणं, फेकणं

अपारदर्शक एचडीपीईच्या बाटल्या, बॅच नंबर आणि तारीख, ३५ च्या खाली. पत्र्याखालचा माळा नाही, दुकानातली सगळ्यात खालची, भिंतीकडची फळी. गाडीच्या डिकीत मे महिन्यात दोन तास पण नको. भरायच्या आधी बाटली हळूच उलटसुलट करा, जोरात हलवून फेस करू नका.

दुसऱ्या कंपनीच्या इंकेत आपली ओतायची वेळ येतेच, दीक्षाभूमीच्या गर्दीआधी टी-शर्ट आणि मगचे गठ्ठे लागलेले असतात आणि नेमकी सायन संपते. तेव्हा सरळ टाकीत ओतू नका, काचेच्या बाटलीत निम्मी निम्मी मिसळून रात्रभर ६० डिग्रीत ठेवा आणि सकाळी थेंबाची टेस्ट करा. डोळा आला तर लाइन पूर्ण फ्लश करूनच बदला, डॅम्परसकट (हेडच्या आधीची इंकेची छोटी डबी).

मिलचं, बाटल्यांचं धुतलेलं पाणी नालीत सोडू नका, आपल्या नालीचं पाणी शेवटी नाग नदीतच जातं आणि हे डाय सहजासहजी कुजत नाहीत. ड्रममध्ये साठवा, तुरटी फिरवा, रंग खाली बसतो, वरचं नितळ पाणी पुढचा ड्रम धुवायला वापरा आणि खालचा गाळ सुकवून एमआयडीसीतल्या धोकादायक कचरा उचलणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

प्रत्येक बॅचच्या १०० मिलीच्या दोन बाटल्या बाजूला काढून ठेवा, एक आतल्या कपाटात, एक पत्र्याखालच्या त्याच रॅकवर जिथे माझी काळी बिघडली होती तिथे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दोन्ही उघडा, एकाच फिल्टर पेपरवर शेजारी शेजारी दोन थेंब टाका आणि वहीत चिकटवा. पुढच्या वर्षीची रेसिपी मी त्या पानावरून ठरवतो.